चार दिवस स्प्रिंटरचे, किल्ल्या मात्र घाटवाल्याकडे : यूएई टूरचा बॅरिकेडच्या अलीकडून रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, सायकल रेसचा हा रिव्ह्यू सायकलपटूचा नाहीये, बॅरिकेडला टेकून उभ्या राहणाऱ्या बाईचा आहे. मी स्वतः सायकल चालवते पण ती अल कुद्राच्या ट्रॅकवर, तीही फक्त हिवाळ्यात, आणि वीस-पंचवीस किलोमीटर झाले की चहा कुठे मिळेल ते बघते. बघायचं म्हणाल तर मात्र २०१४ पासून नाद लागलाय. तेव्हा आम्ही दुबईत नवीन होतो, एक दिवस ऑफिसमधून निघाले तर रस्ताच बंद, गाडी जागची हलेना, मी वैतागून खाली उतरले आणि समोरून सूंऽऽ करत शंभरएक सायकली अशा काही गेल्या की हातातली बाटली हातातच राहिली. घरी येऊन नवऱ्याला विचारलं हे काय होतं, तर तो म्हणाला दुबई टूर, यंदा पहिल्यांदाच आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात फेब्रुवारी म्हणजे हाच विषय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुबई टूर ही २०१४ ते २०१८ अशी पाच वर्षं झाली, अबू धाबीची वेगळी टूर होती २०१५ पासून, आणि २०१९ ला दोन्ही एकत्र करून यूएई टूर झाली. फेब्रुवारीत, सात दिवस, सात टप्पे, वर्ल्ड टूरचा दर्जा, म्हणजे जगातल्या झाडून सगळ्या मोठ्या टीम येतात. बघायला पैसे लागत नाहीत, पास नाही, रांग नाही, जाऊन रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. इथे ज्या गोष्टीला पैसे पडत नाहीत अशा गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे एक स्टार तर मी इथेच देऊन टाकते.

आता मुद्द्याचं. या सात दिवसांतले साधारण चार टप्पे सपाट असतात, वाळवंटातून सरळ रस्ता आणि शेवटी स्प्रिंट, म्हणजे रेषेआधी जीव खाऊन मारलेली धाव. एक टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी झुंजायचं. आणि दोन घाट, जेबेल जैस आणि जेबेल हफीत. म्हणजे कागदावर बघितलं तर ही स्प्रिंटरांचीच रेस वाटते. सुनेचे चार दिवस असतात तसे स्प्रिंटरचे चार दिवस. पण सुनेच्या हातात किल्ल्या कधी येतच नाहीत ना राव! २०१९ ते २०२५ सात वेळा रेस झाली, लाल जर्सी, म्हणजे सगळ्या टप्प्यांचा मिळून वेळ सगळ्यात कमी त्याची, घरी कोण घेऊन गेलं बघा, रोग्लिच, अ‍ॅडम येट्स, पोगाचार तीनदा, एवेनपूल, आणि २०२४ ला लेनर्ट व्हान एटफेल्ट. सगळे घाट चढणारे. एकही स्प्रिंटर नाही, आणि येणारही नाही, कारण गणितच तसं आहे.

गणित असं की टप्पा जिंकला की एकूण वेळेतून दहा सेकंद वजा, हा बोनस, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार. बाकी सगळा घोळका एकत्र आला की सगळ्यांना वेळ एकच. म्हणजे एखाद्या पठ्ठ्याने चारही सपाट टप्पे मारले तरी त्याची कमाई चाळीस सेकंद. आणि हफीतवर एका दुपारी तो दहा मिनिटं मागे राहणार. २०२४ ला टिम मर्लिए या स्प्रिंटरने तीन टप्पे जिंकले, तीन! तीस सेकंद झाले. आणि त्या वर्षी अख्ख्या रेसचा निकाल किती फरकाने लागला माहितीये? दोन सेकंद. पण ते दोन सेकंद व्हान एटफेल्ट आणि बेन ओकॉनर या दोघांमधले होते, मर्लिए बिचारा त्या हिशोबात कुठेच नव्हता. लग्नात वाढपी म्हणून सगळ्यात जास्त राबला आणि आहेराच्या यादीत नाव नाही, तसली गत.

तरी पण मी हे सपाट टप्पेच बघायला जाते, आणि का जाते ते २२ फेब्रुवारी २०२५ चं सांगते म्हणजे कळेल. सहावा टप्पा, अबू धाबी ब्रेकवॉटरला शेवट, शनिवार होता म्हणून लेकीलाही घेतलं. गाडी मी माझ्या हुशारीने बरोब्बर चुकीच्या बाजूला लावली आणि मग पाऊण तास चालत यावं लागलं, त्यात नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालेलं. ब्रेकवॉटर म्हणजे समुद्रात शिरलेली जिभेसारखी जागा, एका बाजूला कॉर्निशच्या उंच इमारती, मध्ये निळं पाणी, वारा भन्नाट. शेवटच्या रेषेच्या अलीकडे दीडशे मीटरवर आम्हाला जागा मिळाली. गर्दी म्हणाल तर ठीकठाक. युरोपात घाटावर माणसं तंबू ठोकून बसतात तसलं काही नाही इथे, शाळेची मुलं हातात झेंडे घेऊन, काही युरोपियन कुटुंबं, आणि आमच्या शेजारी सुट्टीच्या दिवशी आलेली पाच-सहा केरळी पोरं, त्यातल्या एकाला रेस कशाची आहे तेही माहीत नव्हतं पण आवाज सगळ्यात जास्त त्याचाच.

मग दीड तास काहीच नाही. खरंच काही नाही. मोठ्या स्क्रीनवर वाळू, रस्ता, उंट, पुन्हा रस्ता. तीन-चार जण पुढे पळालेले, मागे घोळका त्यांना दोन-तीन मिनिटांच्या दोरीवर सोडून निवांत चाललेला, सगळ्यांना माहीत असतं की हे पकडले जाणार, पळणाऱ्यांनाही माहीत असतं, ते टीममालकाचं नाव टीव्हीवर दिसावं म्हणून पळतात. हेलिकॉप्टरमधून इमारती दाखवायच्या, मशीद दाखवायची, किनारा दाखवायचा, पर्यटन खात्याची जाहिरात म्हणूनच तर ही रेस आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लेक म्हणाली आई, हे कार्टून कधी सुरू होणार. मी म्हणलं थांब.

शेवटचे दहा किलोमीटर राहिले आणि स्क्रीनवरचं चित्रच बदललं. सहा-सात टीमच्या ओळी लागल्या, एकाच रंगाचे चार-पाच जण एकामागे एक, त्यांच्या शेपटाला स्प्रिंटर. याला ट्रेन म्हणतात. वारा कापायला पुढे माणूस असला की मागच्याची मेहनत तिसऱ्या हिश्श्याने तरी वाचते, त्यामुळे एकेक जण आपला जीव काढून बाजूला होतो आणि शेवटी दोनशे मीटर उरले की स्प्रिंटरला सोडतात. आधी हेलिकॉप्टरचा आवाज आला, मग पोलिसांच्या मोटरसायकली, मग बॅरिकेडवरचे पत्रे लोकांनी बडवायला घेतले आणि त्याच्या वर एक वेगळाच आवाज, कार्बनच्या चाकांचा, जसा पावसाआधी शेतातून वारा येतो ना तसा. आणि मग ते दिसले. डोकं हँडलच्या खाली, खांदे डावीकडे-उजवीकडे, सायकल अशी हलतेय की मोडेल आता. आमच्या समोरून गेले तेव्हा वेग ताशी सत्तरच्या आसपास असेल. इस्त्री कशी हजार वॉटची असते, हा माणूस पायाने दीड इस्त्र्या चालवतो, दहा-पंधरा सेकंदच का होईना पण चालवतो. मर्लिएने मारला टप्पा, आदल्या दिवशी दुबईतलाही त्यानेच मारला होता. लेक ओरडत होती, का ते तिलाही माहीत नव्हतं. आमच्या वाट्याला आले एकूण सात-आठ सेकंद.

नवरा परतीच्या वाटेवर म्हणाला, आठ सेकंदांसाठी दोन तास गाडी, पाऊण तास चाल आणि दीड तास ऊन. मी म्हणलं अहो फटाका किती वेळ वाजतो? पण मनात म्हणलं की याचं म्हणणं अगदीच खोटं नाहीये. आणि तोच माझा या प्रॉडक्टवरचा मुख्य आक्षेप आहे. शेवटचे दहा किलोमीटर पैसा वसूल, आधीचे दीडशे किलोमीटर भाकड. ते भाकड का, तर स्प्रिंटरला त्यात कमवण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. मधल्या स्प्रिंटला तीन-दोन-एक सेकंद मिळतात, पण तीन सेकंदांसाठी मर्लिए कशाला झटेल, त्याला माहितीये पुढे हफीत आहे. जर्सी आपली होणारच नाही म्हणल्यावर माणूस फक्त शेवटच्या दोनशे मीटरपुरता कामावर येतो.

हे सगळं असंच असायला पाहिजे असं नाही, कारण आधी असं नव्हतं. मी हे बघितलंय.

दुबई टूर २०१५ घ्या. चार दिवसांची रेस. तीन टप्पे सपाट आणि एक हत्ता धरणाला. हत्ता म्हणजे डोंगर आहे पण शेवट कसा, धरणाच्या भिंतीवर चढणारा शे-दोनशे मीटरचा रस्ता, छातीवर येणारा, सतरा टक्क्यांच्या आसपास. एवढा छोटा की साठ किलोच्या घाटवाल्याला तिथे मिनिटं कमावता येत नाहीत, आणि एवढा खडा की नुसत्या वेगावर जिंकणाऱ्यालाही तोंडाला फेस. पहिला टप्पा मार्क कॅव्हेंडिश या स्प्रिंटरने मारला, दुसरा व्हिव्हियानीने, हत्ताला जॉन डेगेनकोल्बने बाजी मारली आणि निळी जर्सी, म्हणजे तिथली लाल जर्सीच, त्याच्या अंगावर गेली. कॅव्हेंडिश काही सेकंदांनीच मागे. आता शेवटच्या दिवशी बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी शेवट, आणि टप्पा जिंकला तर दहा सेकंद. म्हणजे एका स्प्रिंटवर टप्पाही आणि अख्खी रेसही! कॅव्हेंडिशने दोन्ही घेतलं. त्या दिवशी मी काउंटडाउन करत उभी होते, आणि दीडशे किलोमीटर भाकड अजिबात नव्हते, कारण मधल्या एकेका सेकंदाला भाव होता. याला म्हणतात स्प्रिंटरची स्वतःची रेस. २०१६ आणि २०१७ ला मार्सेल किटेल, २०१८ ला व्हिव्हियानी. किटेल सहा फुटांच्या वर, वजन ऐंशी किलोंच्या वर, असा माणूस घाटाच्या रेसमध्ये लाल जर्सीच्या पायरीवर तुम्हाला दिसेल का सांगा.

आणि त्याच्याही आधी कतार. टूर ऑफ कतार २००२ ते २०१६, ती भरवण्यात एडी मर्क्स हा बेल्जियमचा जुना महान सायकलपटू स्वतः होता, फेब्रुवारीतच असायची, आणि तिथे घाट सोडा, टेकाड पण नाही. मी ती टीव्हीवरच बघितली शेवटची दोन-तीन वर्षं. लोक म्हणायचे सपाट म्हणजे कंटाळवाणी. पण कतारात वारा आहे ना बाबा! बाजूने वारा लागला की घोळका सरळ चालूच शकत नाही, पुढच्याच्या मागे नाही तर त्याच्या तिरकस आडोशाला जावं लागतं, मग रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी ओळ लागते. रस्त्याची रुंदी संपली की आडोसा संपला. जो ओळीच्या शेवटी कडेच्या पांढऱ्या पट्टीवर अडकला त्याला वारा फोडून काढतो, तो सुटला की त्याच्या मागचे सगळे सुटले, आणि मग पाच मिनिटांत एका घोळक्याचे चार तुकडे. याला ते एशलॉन म्हणतात. यात ताकद पाहिजे, अक्कल पाहिजे, आणि शेजाऱ्याला खांदा द्यायची तयारी पाहिजे. टॉम बोनेनने चार वेळा ती रेस जिंकली, २००६, २००८, २००९ आणि २०१२. कॅव्हेंडिशने २०१३ आणि २०१६. बोनेन म्हणजे नुसता स्प्रिंटर नव्हेच, दगडी रस्त्यावरच्या क्लासिक रेस मारणारा गडी, आणि तो दर फेब्रुवारीत कतारला यायचा कारण मार्च-एप्रिलमध्ये बेल्जियमच्या वाऱ्यात जे करायचं त्याची तालीम तिथेच व्हायची. २०१६ ला दोहात वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली तेव्हाही वाऱ्याने घोळका फाडला आणि शेवटी पुढे कोण तर सागान पहिला, कॅव्हेंडिश दुसरा, बोनेन तिसरा. सपाट रस्त्यावरची याच्यापेक्षा भारी पायरी मला तरी आठवत नाही. नंतर प्रायोजक मिळेनात म्हणून २०१७ ला कतारची टूर गुंडाळली.

नवऱ्याचा युक्तिवाद नेमका इथूनच सुरू होतो. म्हणतो, बघ, कतार बंद पडली, दुबई बंद पडली, हफीत आणि जैस घातल्यावर रेस टिकली. स्प्रिंटरला वेगळं पान वाढायचं म्हणजे ते पान कोण खाणार? पोगाचार यायला घाट लागतो, पोगाचार इथल्याच टीमचा, तो आला की टीव्ही येतो, टीव्ही आला की पैसा येतो. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही, खरं सांगते. बाजार म्हणून त्याचं बरोबर आहे. २०२५ ला पोगाचारने जैसही मारला आणि हफीतही मारला, दोन्ही दिवशी आमच्या ऑफिसमधली सायकलचं स सुद्धा माहीत नसलेली माणसं त्याचं नाव घेत होती. मर्लिएचं नाव कोणी घेतलं नाही.

पण मला इथे माझं लहानपण आठवतं. माझं माहेर खोपोली. मुंबई-पुणे सायकल रेस असायची तेव्हा बाबा मला लुनावर पुढे उभं करून घाटाच्या तोंडाशी न्यायचे. मुंबईकडून पोरं यायची ती काय सुसाट, आणि त्यात पुढे असायचे ते मांड्या भरलेले, रुंद खांद्याचे, पनवेलच्या पुढे सपाटीवर त्यांनीच सगळ्यांना ओढत आणलेलं असायचं. मग बोरघाट लागायचा. शिंग्रोबाच्या देवळापाशी लोक नाणं टाकतात ना, तिथपर्यंत जाईस्तोवर तेच रुंद खांदे मागे पडायचे आणि काडीसारखी पोरं भुर्रकन पुढे. दुसऱ्या दिवशी पेपरात घाटाचा राजा कोण त्याचं नाव ठळक. मी बाबांना विचारलं होतं, मग सपाटीचा राजा कोण? बाबा म्हणाले सपाटीला राजा नसतो, सपाटीला हमाल असतात. तेव्हा हसले होते मी. आता हफीतचा निकाल बघते तेव्हा ते वाक्य टोचतं.

आणि असंही नाही की हे फक्त वाळवंटात झालं. ऑस्ट्रेलियातली टूर डाउन अंडर बघा, जानेवारीत अ‍ॅडलेडला, सीझनची पहिलीच मोठी रेस. आंद्रे ग्रायपेल, जर्मन, बैलासारखा ताकदीचा, २००८ आणि २०१० ला अख्खी रेस जिंकला. टप्पे तर त्याने तिथे अठरा जिंकलेत. मग २०१२ ला विलंगा टेकडीच्या माथ्यावर शेवट ठेवला. झालं! पुढे रिची पोर्टने तिथे ओळीने सहा वर्षं बाजी मारली आणि स्प्रिंटरचा त्या रेसच्या मुख्य जर्सीशी संबंध जवळजवळ संपला. एक टेकडी, तीन किलोमीटरची, आणि सगळा स्वभाव बदलला. गंमत म्हणजे रेस त्यामुळे वाईट झाली असं मी म्हणणार नाही, विलंगाचा दिवस जबरदस्त असतो. पण मग मोठ्या रेसेसपैकी स्प्रिंटरची म्हणून उरलं काय?

कोणी म्हणेल त्यांना टूर द फ्रान्सला टप्पे मिळतात की. मिळतात. त्यासाठी तीन आठवडे आल्प्स आणि पिरेनीज चढायचे, वेळेची मर्यादा चुकली की सरळ घरी, आणि तिथेही गुणांवर मिळणारी हिरवी जर्सी नुसत्या वेगावर मिळेलच असं नाही. जानेवारी-फेब्रुवारीचं वेगळं आहे. तेव्हा सगळेच अर्धे कच्चे असतात, नव्या टीम, नवी ट्रेन. आणि ट्रेन ही गोष्ट नुसत्या सरावाने बसत नाही, त्याला सहा दुसऱ्या ट्रेन शेजारून घुसणाऱ्या लागतात, कोण किती वाजता बाजूला होणार, कोणत्या वळणाआधी आत शिरायचं, ते ताशी साठच्या गर्दीतच कळतं. लग्नाची पंगत घरी दोघा-तिघांत वाढून शिकता येत नाही, तसंच. आणि हंगामाच्या सुरुवातीला एक विजय मिळाला की त्या माणसाभोवती टीम उभी राहते. कॅव्हेंडिशने ९ फेब्रुवारी २०२४ ला कोलंबियात एक टप्पा मारला तेव्हा वय अडतीस, लोक म्हणत होते आता पुरे, आणि ३ जुलैला त्याने टूर द फ्रान्समधला पस्तिसावा टप्पा जिंकून मर्क्सच्या विक्रमाला मागे टाकलं. फेब्रुवारीतल्या त्या टप्प्यानेच सगळं झालं असं नाही, पण अडतिसाव्या वर्षी जुलैपर्यंत नेट लावायला असलं काहीतरी हाताशी लागतंच.

सुरक्षेचं पण बोलायला हवं. स्प्रिंट म्हणजे धोका, त्यात वाद नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये पोलंडला काटोवित्सेला उताराच्या शेवटावर ग्रोनेवेखेनने आडवं घातल्यावर फाबियो याकोबसेन बॅरिकेडवर कसा आदळला ते ज्याने बघितलं तो विसरणार नाही, मी ते परत लावून बघूच शकले नाही. ग्रोनेवेखेनला नऊ महिन्यांची बंदी झाली, पण उतारावर शेवट ठेवलाच कशाला हा प्रश्न तसाच राहिला. इथले रस्ते त्या मानाने बरे, सरळ, चार-चार लेन, खड्डा शोधून सापडणार नाही. रुंद रस्त्याचा एक तोटा मात्र आहे, कोणत्याच ट्रेनला पूर्ण रस्ता अडवता येत नाही, मागून लाट येतच राहते आणि पुढचे गिळले जातात. दादर स्टेशनला लोकल आल्यावर दोन्ही दारांनी गर्दी शिरते तसं. अरुंद रस्त्यात शिस्त असते, रुंद रस्त्यात मारामारी. मारामारीवरून आठवलं, २०१७ च्या दुबई टूरला तर खरोखरच झाली, वाऱ्यातल्या जागेवरून ग्रिव्हकोने किटेलला ठोसा मारला, डोळ्याच्या वर रक्त, आणि ग्रिव्हकोला रेसमधून हाकलला. त्याच वर्षी हत्ताचा टप्पा वाऱ्यामुळे रद्द झाला आणि मी सुट्टी टाकून बसलेले, ते दुःख वेगळंच.

बायकांच्या रेसबद्दल दोन ओळी, कारण ती बघायला लोक जात नाहीत आणि चुकतात. २०२३ पासून आहे, चार दिवसांची, तीन सपाट आणि एक हफीत. शार्लोट कूलने पहिल्या वर्षी दोन टप्पे मारले, लोरेना वीबेसने २०२५ ला सपाटीचे तिन्ही. तिन्ही! आणि जर्सी? एलिसा लोंगो बोर्गिनी, हफीतवाली. ती मोठीच रायडर आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तीनपैकी तीन जिंकूनही जर्सी नाही मिळत हे लेकीला समजावून सांगताना माझी दमछाक झाली. ती म्हणाली, मग पेपर तिने सोडवला आणि नंबर दुसरीचा?

तर माझी मागणी काही फार नाही. यूएई टूरमधून हफीत काढा असं मी म्हणतच नाही, हफीतचा दिवस मलाही आवडतो, वळणावळणाचा रस्ता आणि खाली अल ऐन पसरलेलं. माझं म्हणणं एवढंच की चार-पाच दिवसांची जुनी दुबई टूर वेगळी परत आणा, जानेवारीच्या शेवटी ठेवा, वर्ल्ड टूरचा दर्जा नसला तरी चालेल, एक दिवस उघड्या वाळवंटात वाऱ्याच्या रस्त्याने न्या, एक दिवस हत्ताला न्या, आणि जर्सी कोणाची ते शेवटच्या दोनशे मीटरवर ठरू द्या. नुसते चार दिवस सरळ हायवे ठेवलात तर मीच पहिली नावं ठेवीन. स्प्रिंटरला लाडावून ठेवायचं नाहीये, त्यालाही घाम फुटला पाहिजे. फक्त त्या घामाची किंमत त्याच्या वजनावर ठरू नये. वारा आणि धरणाची भिंत, या दोन गोष्टी असल्या की स्प्रिंटरची रेस ही सगळ्यांची रेस होते, २०१५ ला झाली होती.

आता २०२६ च्या जानेवारीत आपल्या पुण्यातही ग्रँड टूर झाली, पुरुषांसाठी यूसीआय म्हणजे जागतिक सायकल संघटनेच्या २.२ दर्जाची, भारतातली तशी पहिलीच स्टेज रेस. भाऊ फोनवर फोटो पाठवत होता, रस्ते एवढे गुळगुळीत केलेत की म्हणे रेस दर महिन्याला ठेवा. पुणे जिल्ह्यात घाटांना काय तोटा, घाटाचा राजा आपल्याकडे मिळेलच. पुढेमागे मार्ग आखणाऱ्यांनी बारामतीकडचे सरळ रस्ते विसरू नयेत एवढंच.

रेटिंग द्यायचं तर फुकट आहे, हवा मस्त, रस्ते मस्त, शेवटचे दहा किलोमीटर पाचपैकी पाच. आधीचे दीडशे किलोमीटर दीड, तेही उंटांमुळे. सगळं मिळून साडेतीन. जाणार असाल तर सपाट टप्प्याला रेषेजवळ नका उभं राहू, मोठी स्क्रीन दिसेल अशी जागा धरा आणि शेवटची पंधरा मिनिटं पुढे सरका. टोपी न्या, पाणी न्या, मुलांसाठी काहीतरी खायला न्या, गाडी कुठे लावायची ते आदल्या दिवशी नकाशात बघा आणि माझ्यासारखी हुशारी करू नका.

जाता जाता हत्ताचं. २०१९ आणि २०२० ला यूएई टूर तिथे गेली होती, दोन्ही वेळा केलेब यूअनने मारलं, साडेपाच फुटांचा छोटासा स्प्रिंटर, भिंतीवर असा चढला जसा मांजर कपाटावर चढतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहज गेलो होतो, धरणात आता कयाक भाड्याने मिळतात, लेकीला तेच करायचं होतं. नवऱ्याने गाडीच्या मागे सायकल टाकली होती, म्हणाला बघू तरी तुझ्या स्प्रिंटरांचा घाट, दोनशे मीटर तर आहे. मी आणि लेक वर कठड्याला जाऊन उभ्या राहिलो. पहिले पन्नास मीटर बरा आला, मग रस्ताभर नागमोडी, मग उभा राहिला पेडलवर, मग चेन कुरकुरली, आणि वीसएक मीटर राहिले असताना पाय खाली टेकला. लेक वरून ओरडली, बाबा, वेळ संपली, घरी जा! तो सायकल ढकलत वर आला, पाच मिनिटं काही बोलला नाही, पाणी प्यायला, आणि मग म्हणाला, हे चढून वर परत स्प्रिंट मारतात?